मीलवर्म, झुरळं की सोल्जर फ्लाय: मुलुंडच्या एका घरातल्या बिअर्डेड ड्रॅगनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी जुनी सोसायटी, तिसरा मजला, वन बीएचके. घरात दादा, वहिनी, दादांची आई आणि सातवीतला मुलगा. नावं देत नाही, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात. मुलाने वर्षभर कुत्र्यासाठी हट्ट धरलेला, पण सोसायटीत कुत्र्यांवरून आधीच भांडणं चालू, म्हणून दादांनी मधला मार्ग काढला आणि एका दुकानातून जेमतेम वीतभर लांबीचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे एक पाळीव सरडा, घेऊन आले. मुलाने नाव ठेवलं शेरू. नोंदणी-कागदपत्रांचा विषय वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

दुकानदाराने काचेची टाकी, एक पिवळा बल्ब आणि मीलवर्मचा डबा दिला, म्हणाला हेच घाला, दुसरं काही लागत नाही, संपले की या परत. त्याचा दोष आहेच, पण त्याचंही गणित समजून घ्या. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात आठवडेच्या आठवडे पडून राहतात, पक्षी पाळणारे ते नेतात, अरोवाना मासेवाले सुपरवर्म नेतात, त्यामुळे मुंबईत बाराही महिने खात्रीने मिळतात त्या ह्याच दोन अळ्या, आणि मग सरडेवाल्यांच्या गळ्यातही त्याच पडतात.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला. लहान असताना त्याच्या खाण्यात ७० ते ८० टक्के किडे असतात आणि मोठा झाला की हे प्रमाण उलटं होतं, पाला जास्त आणि किडे कमी. म्हणजे पहिल्या वर्षात जे किडे पोटात जातात त्यावर हाडं बनतात, आणि शेरू तेव्हा अंदाजे पाच महिन्यांचा होता.

अडचण काय होती

पहिल्यांदा वहिनींच्या लक्षात आलं. पुढच्या पायांची बोटं बारीक बारीक थरथरत होती. मुलगा म्हणाला त्याला स्वप्न पडत असेल, पण वहिनी म्हणे जागेपणी कसलं स्वप्न. चालतानाही पोट उचलत नव्हता, फरशीवर घासत सरकत होता. त्यांनी माझ्या बायकोमार्फत व्हिडिओ पाठवला, कारण आमच्याकडे गेको आणि ड्रॅगन बरीच वर्षं आहेत. मी तीनच गोष्टी विचारल्या, काय खातो, लाइट कुठला, टाकी किती गरम. उत्तरं आली ती अशी: फक्त मीलवर्म, पावडर वगैरे काही नाही, लाइट म्हणजे तो पिवळा बल्ब, आणि टाकी खिडकीला लागून आहे, ऊन येतं की छान.

खिडकीच्या काचेतून ऊब येते, यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण येत नाहीत. ते किरण काच अडवते. आणि यूव्हीबी नाही तर कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. इथे तर खाण्यातच कॅल्शियम नव्हतं. मीलवर्मच्या १ किलोमध्ये कॅल्शियम १७० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २८५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ १७ पट. सरड्याला हवं असतं बरोबर उलटं, फॉस्फरसच्या दीड ते दोनपट कॅल्शियम. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, आणि मग जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, पुढे पाय वाकतात, मणका वाकतो.

विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं पातळ, पण फ्रॅक्चर नाही. मेटाबॉलिक बोन डिसीज, सुरुवातीचा. त्यांनी तोंडावाटे कॅल्शियम सुरू केलं, यूव्हीबीची ट्यूब लावायला सांगितली आणि शेवटी म्हणाले, किडे बदला. आता कुठले, कुठून, आणि ज्या घरात सासूबाई स्वयंपाकघरात एक झुरळ दिसलं तर रात्रभर झोपत नाहीत त्या घरात कसे, हे काही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. खरं प्रकरण इथून सुरू होतं.

कोणकोणते पर्याय बघितले

दादांचं पहिलं मत, आहेत तेच मीलवर्म चालू ठेवू आणि वरून कॅल्शियमची पावडर लावू. सगळ्यात सोपं हेच होतं. पण मीलवर्मचं अंग गुळगुळीत, पावडर फार टिकत नाही, अळी वाटीत दोन मिनिटं वळवळली की अर्धी झडून गेलेली असते, आणि वर चरबी १३ टक्क्यांच्या पुढे. सुपरवर्ममध्ये तर १७-१८ टक्के. लोक ह्या अळ्यांना वेगळ्याच कारणांसाठी घाबरतात, म्हणे सुपरवर्म पोट कुरतडून बाहेर येतो, ही निव्वळ अफवा आहे, ड्रॅगन चावून गिळतो. अधूनमधून दोनचार घालायला काही हरकत नाही, पण आजारी पिल्लाचं रोजचं जेवण म्हणून नको.

मुलाचं मत, मागे डोंगर आहे, पावसाच्या तोंडावर नाकतोडेच नाकतोडे, फुकट. पोषणाच्या बाजूने बघितलं तर मुलगा चुकीचं बोलत नव्हता, नाकतोडे चांगलं खाणं आहे. पण तो डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द, तिथून काहीही धरून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. सोसायटीच्या गवतातले धरायचे तर त्यावर डासांसाठी पालिकेची धुरफवारणी होते, सोसायटीचं स्वतःचं पेस्ट कंट्रोल होतं, आणि कुठला किडा कशातून चालून आलाय हे बघून कळत नाही. शिवाय बाहेरच्या किड्यांबरोबर जंत यायची भीती असतेच.

ह्याच संदर्भात एक गोष्ट सांगून ठेवतो. जूनच्या सुरुवातीला हे लोक भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार होते आणि मुलाने सहज विचारलं की काका, चारपाच काजवे बाटलीत आणले तर शेरू खाईल का. खाईल हो, अगदी आवडीने खाईल, प्रॉब्लेम तोच आहे. अमेरिकेतले फोटिनस जातीचे काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या ह्या सरड्याला ते ओळखता येत नाही. आपल्याकडच्या जाती वेगळ्या, पण असला प्रयोग कोण करेल. आणि तसेही ते काजवे तिथेच राहू द्यावेत, आधीच तिथे गाड्यांच्या हेडलाइटनी त्यांचे हाल आहेत.

मग रातकिडे म्हणजे क्रिकेट. बाहेरच्या देशांत सगळ्यात जास्त वापरतात ते हेच, प्रोटीन २० टक्के, चरबी ७ च्या आत, पळतात म्हणून सरड्याचा व्यायाम होतो, अंग खडबडीत म्हणून पावडर चिकटते. कॅल्शियम ह्यांच्यातही कमीच, फॉस्फरस सातपट. पण वन बीएचकेमध्ये हॉलमध्येच आजी झोपतात आणि नर रात्रभर किरकिरतात. दुसरं म्हणजे क्रिकेट दमट हवेत पटापट मरतात, मेलेले त्याच दिवशी काढले नाहीत तर जो वास सुटतो त्यापुढे सुकी मच्छी बरी. आणि तिसरं, जे कुणाच्या लक्षात येत नाही: मुंबईत घरोघरी रात्री डासांचं मशीन लावतात, त्यातलं औषध किड्यांसाठीच असतं, ते डास आणि क्रिकेट असा भेद करत नाही. बंद हॉलमध्ये मशीन चालू आणि कोपऱ्यात क्रिकेटचा डबा, म्हणजे सकाळी काय दिसणार ते सांगायला नको.

रेशमाच्या अळ्या मला स्वतःला फार आवडतात, मऊ, पाणीदार, चरबी नगण्य. मराठवाड्यात रेशीम शेती चांगली आहे, जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे, पण शेतकरी कोष विकतो, अळ्या नाही, आणि त्या मुंबईला आणल्या तरी त्यांना तुतीचाच पाला लागतो, रोज, ताजा. मुलुंडमध्ये रोज तुती कुठून आणणार. विषय संपला.

उरले दोन. डुबिया झुरळं आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या.

डुबिया दक्षिण अमेरिकेतलं झुरळ. गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाही, नीट उडत नाही, आवाज नाही, वास जवळजवळ नाही, मांस भरपूर आणि चरबी कमी. मी स्वतः तेच वापरतो. वहिनींना कागदावर सगळं पटलं. पण आजींना सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "झुरळं? पैसे देऊन? विकत?" आणि उठून आत गेल्या.

सोल्जर फ्लायच्या अळ्या म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या लोकांना माहीत असलेल्या त्याच. ह्यांचं वेगळेपण असं की नेहमीच्या सगळ्या किड्यांत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असलेल्या जवळपास ह्याच एकट्या, अडीचपटीपर्यंत. आकडा त्या काय खाऊन वाढल्या त्यावर खालीवर होतो, पण मीलवर्मशी तुलनाच नाही. चरबी मात्र मीलवर्मइतकीच, म्हणून फक्त ह्यांच्यावर सरडा वाढवू नये असं माझं मत.

निर्णय कसा झाला

आम्ही बसलो तेव्हा मी किड्यांच्या तक्त्याच्या आधी एक वेगळंच विचारलं. सकाळी साडेसहाला डबा कोण साफ करणार? दादा आठाच्या लोकलच्या मागे, मुलगा शाळेच्या मागे, म्हणजे वहिनीच. मग ठरवायचा अधिकारही त्यांचाच. कुठला किडा चांगला हा अर्धाच प्रश्न असतो हो, तो ह्या घरात, ह्या माणसाच्या हाताखाली, जुलै महिन्यात जिवंत आणि धडधाकट राहील का हा उरलेला अर्धा. उपाशी, सुकलेलं डुबिया खायला घालण्यापेक्षा नीट पोसलेला साधा क्रिकेट बरा.

वहिनींनी ठरवलं ते असं. रोजच्याला सोल्जर फ्लायच्या अळ्या, कारण त्या अळ्या आहेत आणि आजींना अळीचं तेवढं वाटत नाही, तांदळात काय कमी निघतात का. आठवड्यातून तीनचार वेळा डुबिया, पण घरात पैदास करायची नाही, फक्त छोटी पिल्लं थोडी थोडी आणायची, मोठी व्हायच्या आत संपवायची. हे बंधन मला पूर्ण पटलं. मुंबईची हवा उबदार आणि दमट, अशा हवेत बाहेरचं झुरळ सुटलं तर काय होईल ह्याचा विचार केलेलाच बरा, अमेरिकेत फ्लोरिडातही नेमक्या ह्याच कारणासाठी डुबियाला बंदी आहे. आणि आजींसाठी एक अट, डबा स्वयंपाकघरात कधीच जाणार नाही, ड्राय बाल्कनीत बंद कपाटात राहील, झाकणाला बारीक स्टीलची जाळी. आजींनी होकार दिला नाही, पण नंतर काही बोलल्याही नाहीत, आणि ते घरात होकारच धरतात.

काय काय केलं

लाइट आधी. टी५ यूव्हीबी ट्यूब, १२ टक्केवाली, बसायच्या लाकडापासून साधारण फूटभर वर आणि मधे काच नाही. बसायच्या जागेवर ४० अंशांच्या आसपास, दुसरा कोपरा थंड. लोक किड्यांवर महिनाभर चर्चा करतात आणि लाइट तोच जुना ठेवतात, त्याला काही अर्थ नाही. सकाळचं कोवळं ऊन बाल्कनीत द्यायचं ठरलं, हातात धरून किंवा जाळीच्या पिंजऱ्यात. मोकळं सोडायचं नाही, कारण कावळे, आणि मुलुंडला घारी पण कमी नाहीत. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवायचं तर अजिबातच नाही, आत भट्टी होते.

अळ्यांचा पुरवठा शोधताना पहिला धोका समोर आला. खत प्रकल्पवाला एकजण अगदी स्वस्तात किलोभर द्यायला तयार होता. वहिनींनी विचारलं त्या काय खातात, तो अभिमानाने म्हणाला सगळं, हॉटेलचं उरलेलं, मटणाच्या दुकानातलं, काहीही. तिथेच थांबलो. त्या कचऱ्यात तेल-मीठ-मसाला असतो, जंतू असतात, आणि ते सगळं अळीच्या पोटातून सरड्याच्या पोटात. शेवटी धान्याच्या भुशावर वाढवणारा एक माणूस मिळाला, महाग पडला पण मिळाला.

डुबियाचं खाणं वहिनींनी स्वतःच्या डोक्याने बसवलं आणि ते मला फार आवडलं. परदेशातले तयार गट-लोड, म्हणजे किड्यांना आधी भरवायचं पोषक खाणं, महाग, म्हणून त्यांनी शेवग्याचा पाला वापरला. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम, भाजीवालीकडे दहा-वीस रुपयांत जुडी. त्याबरोबर लाल भोपळ्याचे तुकडे आणि गाजर. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. सरड्याला घालायच्या आधी एकदोन दिवस झुरळं हे पोटभर खाणार, मग डब्यात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट, दोनदा हलवलं की पीठ लावलेल्या भज्यांसारखी पांढरी. आकाराचा नियम नेहमीचाच, सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको. आणि रोज बारीक चिरलेला पाला समोर ठेवायचाच, खाल्ला नाही तरी: शेवगा, दुधी, जास्वंदीची पानं-फुलं. श्रावण लागला तेव्हा आजींनी विचारलं म्हणे की निदान सोमवारी तरी त्याला नुसता पाला द्या, आणि गंमत म्हणजे त्या वयाच्या सरड्याला आठवड्यातून एक दिवस किडे कमी असले तर काही बिघडत नाही.

पावसाळा

जुलै आला आणि सगळ्याची परीक्षा झाली. तीन गोष्टी झाल्या, पाठोपाठ.

एक म्हणजे अळ्या. गरम दमट हवेत त्या भराभर काळ्या पडतात, कोषात जातात आणि त्यातून माशा निघतात. कुठलं तरी लग्न होतं, दोन दिवस घर बंद, आल्यावर कपाट उघडलं तर काळ्या लांबुळक्या माशांचा थवा. ह्या माशा चावत नाहीत, अन्नावर फारशा बसत नाहीत, पण हे आजींना कोण सांगणार. उपाय तसा साधा, अळ्या थंडाव्यात १२-१५ अंशांना ठेवल्या की वाढ मंदावते. पण फ्रिज स्वयंपाकघरात, आणि अट काय होती ते वर लिहिलंय. शेवटी दादांनी बर्फाच्या बाटल्यांवाला थर्माकोलचा डबा काढला आणि अळ्या कमी प्रमाणात, वरचेवर आणायला सुरुवात केली. आणि एखादी काळी पडलेली असली की तीच शेरूला आधी, त्यात काही वाईट नाही.

दुसरं, कोंड्याला बुरशी आणि त्यात बारीक पांढरे कोळीकिडे. डुबियाच्या डब्यात आधी गव्हाचा कोंडा घातलेला होता, तो सगळा काढून टाकला, कोरडा डबा आणि अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे एवढंच ठेवलं, भोपळ्याचे तुकडे संध्याकाळी घालून सकाळी काढायचे. भुर्जीपावच्या गाडीवाल्याकडून ट्रे फुकट मिळतात, दर पंधरवड्याला बदला.

तिसरं सगळ्यात गंभीर. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल. नोटीस लागली होती, वहिनींनी वाचलीही होती, पण फवारणीवाला एक दिवस आधी आला आणि त्या नसताना आजींनी दार उघडलं. स्वयंपाकघरात जेल, बाल्कनीत आणि कपाटाच्या खाली फवारा. संध्याकाळी डुबिया पाठीवर. काही अजून पाय हलवत होती, आणि मुलगा ती शेरूला घालायला निघाला, कारण वाया का घालवायची. वहिनींनी हात धरला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो त्यांनी कुणाला न विचारता दोन सेकंदांत घेतला. सगळा डबा पिशवीत बांधून टाकला, कपाट साबणाने धुतलं आणि पुढचा आठवडा शेरू फक्त अळ्या आणि पाल्यावर.

परिणाम

बोटांची थरथर औषध आणि ट्यूब सुरू झाल्यावर काही आठवड्यांत थांबली. ह्याचं श्रेय किड्यांना देऊ नका, ते औषधाचं आणि लाइटचं. किड्यांचा फरक दिसला तो वजनात आणि हाडांत. गणपतीनंतर पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले हाडं भरतायत. पोट उचलून चालतो, लाकडावर चढतो. खालचा जबडा मात्र डावीकडे किंचित तिरका राहिला, तो तसाच राहणार, खाताना त्रास नाही.

मीलवर्मचा एक त्रास नंतर निस्तरावा लागला, तो म्हणजे चटक. पहिले काही दिवस शेरू डुबियाकडे बघायचाच नाही, वाटीतली वळवळ शोधायचा. वहिनींनी हट्टाने दोन दिवस काहीच दुसरं दिलं नाही आणि झुरळ चिमट्याने हलवून दाखवलं. आजारी पिल्लाला उपाशी ठेवणं मला धोक्याचं वाटत होतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच केलं आणि रोज वजन बघितलं.

वेगळं काय करता आलं असतं

शीची तपासणी फार उशिरा झाली. ती केली तेव्हा कॉक्सिडिया म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी निघाले, दुकानातूनच आले असणार, आणि अशा सरड्याला कितीही चांगलं खाऊ घाला, अंगी लागत नाही. आणल्या आणल्या पहिल्या आठवड्यात ही तपासणी व्हायला हवी होती, एक्स-रेच्याही आधी, खर्च त्यापेक्षा कमी.

पेस्ट कंट्रोलचं, फक्त नोटीस वाचून भागत नाही. सेक्रेटरींना लेखी द्यायला हवं होतं की ह्या फ्लॅटमध्ये फवारणी नको, फक्त जेल, आणि तेही फोन करून. आता दिलंय. दारावर आतून कागद पण चिकटवलाय, आजींच्या अक्षरात.

दोन पुरवठादार सुरुवातीपासून हवे होते. अळीवाल्याचा माल पावसात अडकला की घरात काहीच नसायचं, आणि मग नाइलाजाने दादा स्टेशनवरून येताना मीलवर्म घेऊन यायचे. त्यापेक्षा थोडेसे सुपरवर्म राखीव ठेवलेले बरे, खोलीच्या तापमानाला, गाजरावर आठवडेच्या आठवडे राहतात. सुपरवर्म फ्रिजमध्ये ठेवू नका, मरतात, बरेच लोक मीलवर्मसारखं समजून ठेवतात.

एका गोष्टीवर माझं आणि डॉक्टरांचं अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं अळ्यांमध्ये कॅल्शियम आहेच तर त्यांना पावडर लावू नका. माझं म्हणणं, भुशावर वाढलेल्या अळीत किती आहे ते कुणी मोजलंय, आठवड्यातून एकदा हलकी लावली तर बिघडत काय. वहिनी सध्या डॉक्टरांचं ऐकतायत, आणि शेरू आता वर्षाचा होत आल्याने किडे तसेही कमी करत आणलेत, एक दिवसाआड, आणि पाला वाढवलाय. दुधी खात नाही. शेवगा आणि जास्वंद खातो.